सार्वजनिक सेवा सरकारकडे की बाजाराकडे? आणि तपासायला कोण उरतं?

पाणलोट (धागाकर्ता)

नमस्कार.

नोकरीची बहुतेक वर्षं पाणीपुरवठ्यात गेली, आता निवृत्त आहे. सेवा सरकारने चालवाव्यात की बाजारावर सोपवाव्यात, हा वाद निघाला की दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात आणि मला दर वेळी एकच गोष्ट आठवते. ती आधी सांगतो, मत नंतर.

चोवीस तास दाब असलेल्या जाळ्यात रात्री दोन ते चारच्या दरम्यान वापर जवळजवळ थांबलेला असतो. त्या वेळी एखाद्या भागाच्या मुख्य वाहिनीतून जे पाणी पुढे जातं, त्यातलं बरंचसं गळतीचं. म्हणून गळती शोधणारे रात्री फिरतात. आमच्याबरोबर एक जुने फिटर असत. त्यांच्या हातात लोखंडी दांडी. खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वरचं कानाला लावायचं आणि श्वास रोखून ऐकायचं. बारीक शीळ आली तर लहान चीर. भरडा घरघराट आला तर मोठी फूट. मग चार पावलं पुढे, परत दांडी, परत कान. शेवटी खडूने रस्त्यावर फुली मारत आणि म्हणत, "इथं खणा." बहुतेक वेळा फुलीपासून हातभर अंतरात गळती सापडायची.

पुढे गळतीदुरुस्तीचं काम कंत्राटावर गेलं. बिल निघणार दर दुरुस्तीमागे. पहिल्याच वर्षी दुरुस्त्यांचा आकडा कितीतरी वाढला, अहवाल छान झाला. रात्रीचा प्रवाह मात्र होता तिथेच राहिला. खणायला सोप्या, वरवरच्या गळत्या भराभर बुजवल्या गेल्या होत्या. रस्त्याखालच्या खोल गळत्या, ज्यांत एकेक दिवस जातो, त्यांना कोणी हात लावला नव्हता. कंत्राटदाराने यात लबाडी केली असं मी म्हणणार नाही. निविदेत होतं तेच त्याने केलं. निविदा आम्ही लिहिली होती.

खरं नुकसान त्यानंतर झालं. फिटरकाका निवृत्त झाले. काम बाहेर दिलेलं असल्यामुळे त्यांच्या जागी कोणाला घेतलं नाही. रात्रीचा प्रवाह नोंदवणारी दोन माणसं दुसऱ्या विभागात गेली. तिसऱ्या वर्षी कंत्राटदाराने आणलेला आकडा बरोबर की चूक, हे सांगू शकेल असं कार्यालयात कोणी उरलं नाही. सही करणारे होते, तपासणारे नव्हते.

तेव्हापासून माझं मत असं बनलंय: काम कोणीही करो, ते काम ओळखणारी आणि मोजणारी माणसं सार्वजनिक पदरी राहिलीच पाहिजेत. ती गेली की सरकारी आणि खाजगी यातला फरक फक्त पाटीवर उरतो. मंडळींना काय वाटतं?

चौकस

पाणलोट, अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्ष अर्धवट वाटतो. कंत्राट येण्याआधी तुमच्या जाळ्यातली गळती किती होती आणि ती जाहीर होत होती का? बहुतेक सरकारी यंत्रणांत ती मोजलीच जात नाही, कारण मोजली काय न मोजली काय, कोणाचा पगार कापला जात नाही. गळतीचा तोटा कोणाच्याच खिशातून जात नसेल तर दांडी घेऊन रात्री फिरणारा माणूस केवळ स्वभावाने चांगला म्हणून फिरत असतो. तो निवृत्त झाला की संपलं. व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर उभी राहत नाही.

दोन उदाहरणं देतो. अर्जेंटिनात १९९०च्या दशकात साधारण ३० टक्के नगरपालिकांनी पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे दिला. पुढे तिघा अर्थतज्ज्ञांनी आकडेवारी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की खाजगीकरण झालेल्या भागांत बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी घटले, आणि सगळ्यात गरीब भागांत तर सुमारे २६ टक्क्यांनी. कारण साधं होतं. नळ पूर्वी जिथे पोचलेच नव्हते तिथे ते पोचले. गरिबाच्या नावाने खाजगीकरणाला विरोध करणाऱ्यांनी हा आकडा दृष्टीआड करू नये.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. २००२ साली वीज वितरण खाजगी भागीदारीत गेलं, तेव्हा चोरी, गळती आणि थकबाकी धरून निम्म्याहून जास्त विजेचे पैसे येत नव्हते. आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आहे. कर्मचारी बरेचसे तेच, ग्राहक तेच. बदलला तो हिशोब: वाया गेलेलं प्रत्येक युनिट आता कोणाच्या तरी अंगावर पडत होतं.

रानवारा

चौकस, दिल्लीच्या आधी ओडिशाने १९९९ साली हाच प्रयोग केला होता. वीज वितरण खाजगी हातात देणारं देशातलं ते पहिलं राज्य. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आलं, खांब जमीनदोस्त झाले. मध्य भागाचं वितरण घेतलेली परदेशी कंपनी २००१ मध्ये निघून गेली. उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने नियामक आयोगाने २०१५ मध्ये काढून घेतले. देश एक, धोरण एक, मालकी खाजगीच. मग दिल्लीत यश आणि ओडिशात अपयश का? दिल्लीत सुरुवातीची काही वर्षं सरकारने तोट्याचा भार उचलला आणि गळती दर वर्षी किती कमी करायची ते करारातच बांधून दिलं. म्हणजे यशामागे सरकार होतंच.

माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. पाण्याला बाजार म्हणायचं कशाच्या जोरावर? घरात येणारा पाइप एकच. पाणी गढूळ आलं म्हणून दुसऱ्या कंपनीचा नळ उघडता येत नाही. निवड नाही तिथे स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही तिथे खाजगीकरण म्हणजे सरकारी मक्तेदारीची खाजगी मक्तेदारी. इंग्लंडने १९८९ साली पाण्याच्या कंपन्या विकल्या. विकताना सरकारने त्यांची जुनी कर्जं माफ केली, म्हणजे कोऱ्या पाटीवर सुरुवात. त्यानंतरच्या तीन दशकांत याच कंपन्यांवर कर्जाचा डोंगर झाला, भागधारकांना लाभांश जात राहिला आणि नद्यांमध्ये मैलापाणी सोडण्यावरून तिथे आजही लोक संतापलेले आहेत. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये पाणी सार्वजनिक मालकीतच राहिलं.

बोलिव्हियाच्या कोचाबांबात तर २००० साली दरवाढीवरून लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये सरकारला कंपनीचा करार रद्द करावा लागला. पाणी ही विकायची वस्तू नाही, हे तिथल्या लोकांनी ठणकावून सांगितलं.

पाणलोट (धागाकर्ता)

रानवारा, कोचाबांबाबद्दल पुढचंही सांगायला हवं. करार रद्द झाला, पाणी सार्वजनिक संस्थेकडे परत आलं, आणि शहराच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्त्या त्यानंतरही कितीतरी वर्षं टँकरवरच होत्या. लढा न्याय्य होता. पण मालक बदलल्याने नळ आपोआप पुढे सरकत नाही, आणि हे मी सरकारी पाणीपुरवठ्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतोय.

चौकस, तुमचा चांगुलपणाचा मुद्दा मला लागला, कारण तो खरा आहे. म्हणून सरकारी यंत्रणेचंच एक उदाहरण देतो. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९९३ साली तिथला सार्वजनिक पाणीपुरवठा मोडकळीला आलेला. सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचे पैसेच येत नव्हते: काही गळत होतं, काही चोरीला जात होतं, काही बड्यांच्या घरी फुकट जात होतं. दिवसातून दहाएक तास पाणी, तेही निम्म्याहून कमी वस्तीला. ‘एक सॉन चान’ नावाचे अभियंते संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी प्रत्येक जोडणीला मीटर बसवायचं ठरवलं. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला ते स्वतः गेले तर त्याने त्यांच्यावर बंदूक रोखली. ते परत आले, पोलीस घेऊन पुन्हा गेले आणि जोडणी तोडली. सेनाधिकाऱ्याचं पाणी तुटलं ही बातमी शहरभर गेली, आणि बाकीच्यांनी बिलं भरायला सुरुवात केली.

पुढे पैसे न येणाऱ्या पाण्याचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. जगातल्या कितीतरी श्रीमंत शहरांना न जमलेला आकडा आहे तो. पाणी चोवीस तास, गरीब घरांना जोडणीच्या खर्चात सवलत, चांगलं काम करणाऱ्याला जास्त मोबदला आणि चोरीला साथ देणाऱ्याला घरचा रस्ता. चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये संस्थेचे थोडे समभाग बाजारात आले, पण बहुसंख्य मालकी सरकारची राहिली.

म्हणजे वाया गेलेलं पाणी कोणाच्या तरी अंगावर पडलं पाहिजे, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ते पाडायला मालक खाजगीच लागतो, हे मान्य नाही. मीटर लागतो, संस्थेला आपल्या पैशांवर आणि नेमणुकांवर अधिकार लागतो, आणि वरून आलेला फोन न घेण्याची मुभा लागते.

चौकस

शेवटचं वाक्यच कळीचं आहे. वरून आलेला फोन न घेण्याची मुभा सरकारी संस्थेला किती ठिकाणी मिळते? चान यांच्यासारखी माणसं अपवाद आहेत, म्हणूनच त्यांना पुरस्कार मिळतात. मला धोरण असं हवंय जे सामान्य वकुबाच्या आणि सामान्य प्रामाणिकपणाच्या माणसांच्या हातीही चालेल.

जुनी_वही

वाचते आहे, फार चांगली चर्चा. इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण सरकार आणि बाजार यांच्यातली ही सीमारेषा आपल्याला वाटते तितकी पक्की कधीच नव्हती.

लंडनमध्ये १६६६च्या भीषण आगीनंतर विमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपापली अग्निशमन पथकं ठेवली. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीची धातूची पट्टी लावलेली असे. म्हणजे आज जी सेवा सरकारचीच असणार असं आपण धरून चालतो, ती तिथे दीडशे-दोनशे वर्षं खाजगी होती. १८३३ साली कंपन्यांनी आपली पथकं एकत्र केली. मग १८६१ मध्ये टेम्स नदीकाठच्या गोदामांना प्रचंड आग लागली, पथकाचा प्रमुख त्यात गेला, कंपन्यांचं जबर नुकसान झालं. त्यानंतर कंपन्यांनीच सरकारला कळवलं की हा भार आता आमच्याने झेपत नाही. १८६६ पासून लंडनचं अग्निशमन दल सार्वजनिक झालं. सरकारने काही हिसकावून घेतलं नव्हतं, बाजार स्वतःहून दारात आला होता. कारण आग विम्याची पट्टी बघून थांबत नाही. बिनविम्याचं घर पेटलं तर शेजारचं विम्याचं घरही जातं, त्यामुळे सगळ्यांचीच आग विझवावी लागते, आणि पैसे मात्र काहींकडूनच मिळतात.

उलट दिशेचं उदाहरण दीपगृहांचं. दीपगृह ही सरकारनेच द्यायची सेवा, असं अर्थशास्त्रात पूर्वी सर्रास शिकवत, कारण प्रकाश दिसणाऱ्या जहाजाकडून पैसे घेणार कसे? रोनाल्ड कोस यांनी १९७४ साली दाखवून दिलं की इंग्लंडमध्ये कितीतरी दीपगृहं खाजगी लोकांनी बांधली आणि चालवली होती. जहाजांकडून बंदरात शुल्क घेतलं जाई. पण ते शुल्क घ्यायचा हक्क राजाज्ञेने मिळालेला होता. म्हणजे दिवा खाजगी, वसुलीमागची ताकद सरकारची.

आणि १८४० साली ब्रिटिश टपालाने अंतर कितीही असो, पत्राला एकच दर लावला. तोवर अंतराप्रमाणे पैसे आणि तेही बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. दूरच्या खेड्यातल्या पत्राचा खर्च शहरातल्या पत्राने उचलायचा, हे त्यात गृहीत होतं. मोकळ्या स्पर्धेत तो दर टिकला नसता, कारण शहरातली फायद्याची पत्रं कोणीही स्वस्तात नेली असती.

मधली_सुट्टी

जुनी_वही, "फायद्याची पत्रं कोणीही नेली असती" हे वाचून शाळा डोळ्यासमोर आली. मी शिक्षिका आहे, तेवीस वर्षं.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांचं १९७० सालचं एक निरीक्षण आहे. नायजेरियात रेल्वेची अवस्था वाईट होती. शेजारून ट्रक धावायला लागले. स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारेल, असं कोणालाही वाटेल. ती सुधारली नाही. ज्या व्यापाऱ्यांना रेल्वेचा ढिसाळपणा सगळ्यात जास्त खुपत होता, जे भांडले असते, अर्ज केले असते, वरपर्यंत गेले असते, तेच ट्रककडे निघून गेले. मागे उरले ते गप्प बसणारे. आणि रेल्वेचा तोटा सरकार भरत असल्यामुळे गिऱ्हाईक गेल्याचं दुःख कोणालाच झालं नाही.

माझ्या शाळेत मी हे घडताना पाहिलं. छत गळतं म्हणून दर पावसाळ्यात कार्यालयात जाऊन बसणारे एक पालक होते. टेबलावर वही ठेवत, "तारीख लिहा" म्हणत, आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय उठत नसत. त्यांनी मुलीला खाजगी शाळेत घातलं. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, मी आई म्हणून तेच केलं असतं. पण त्या वर्षीपासून छताबद्दल विचारायला कोणी आलं नाही. उरलेल्या पालकांना अर्ज लिहिता येत नव्हता किंवा कामावरून सुटी मिळत नव्हती. ते पालक गेल्याने आमच्या पटावरचा एक आकडा कमी झाला, एवढीच कागदोपत्री नोंद.

चिलीने १९८१ पासून सरकारी पैसा मुलामागे खाजगी शाळेलाही द्यायला सुरुवात केली. शाळा वाढल्या, निवड वाढली. पण शाळांनाही मुलं निवडण्याची आणि वर फी आकारण्याची मुभा होती. हळूहळू सुखवस्तू घरची मुलं एका बाजूला आणि गरिबांची दुसऱ्या बाजूला झाली. विद्यार्थ्यांच्या मोठ्या आंदोलनांनंतर २०१५ साली कायदा करून अनुदानित शाळांतली ही निवड, नफा आणि वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. खाजगी शाळा त्यांनी बंद केल्या नाहीत. मुलाला नाकारायचा हक्क काढून घेतला.

चौकस

मधली_सुट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरीही एक विचारतो, आणि मनापासून विचारतो. छतासाठी भांडणाऱ्या बापाला जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर त्याच्या मुलीच्या डोक्यावर गळतं पाणी ठेवून आपण बाकीच्यांसाठी आवाज मिळवतो. हा तिच्यावर अन्याय नाही? आणि श्रीमंताला कोणीच अडवू शकत नाही, तो कसंही करून बाहेर पडतोच. बाहेर पडण्याची सोय नसते ती गरिबाला. मुलामागे पैसा देण्याची कल्पना मला म्हणूनच पटते. ती गरिबालाही दार उघडून देते.

चिलीने नाकारायचा हक्क काढून घेतला, तो नियम मलाही मान्य आहे. पैसा सार्वजनिक घ्यायचा तर दार सगळ्यांना उघडं हवं.

मधली_सुट्टी

अन्याय आहे. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण दार उघडलं तरी सगळ्यात मागे राहणारी काही मुलं उरतातच. ज्यांना दुसऱ्या शाळेपर्यंत नेऊन सोडायला कोणी नाही, अशी. त्यांच्या छताची तारीख कोण लिहून घेणार, एवढं ठरवून मग दार उघडा, इतकंच माझं म्हणणं.

अबोली

मी रुग्णालयात परिचारिका आहे. मोठे सिद्धांत मला येत नाहीत, जे पाहते ते सांगते.

आमच्याकडे सफाई पूर्वी रुग्णालयाच्याच मावशी करत. मग ती कंत्राटावर गेली. करारात लिहिलंय: फरशी दिवसातून इतक्या वेळा, स्वच्छतागृह इतक्या वेळा, सही इथे. फरशी खरोखर चकचकीत असते, पूर्वीपेक्षाही. पण खाटेच्या कडेचा जो दांडा असतो, रुग्ण उठताना जो धरतो, त्याची खालची बाजू करारात नाही. सलाइनच्या स्टँडची चाकं नाहीत. एकदा मी ओला बोळा घेऊन दांड्याच्या खालून फिरवला, तो काळा झाला. जखमा उघड्या असलेले रुग्ण तोच दांडा धरतात.

आणखी एक गोष्ट करारात बसली नाही. जुन्या मावशी पुसता पुसता सांगायच्या, "सिस्टर, सात नंबरच्या आजींनी सकाळपासून तोंडात काही घेतलेलं नाही." आता येणाऱ्या मुली कष्टाळू आहेत, गुणी आहेत. पण त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी पाठवतात. आजी कोण, हे त्यांना कळायच्या आत त्या गेलेल्या असतात. त्यांचा यात काही दोष नाही.

जुनी_वही

अबोली, तुम्ही म्हणता सिद्धांत येत नाहीत, पण तुम्ही जे लिहिलंत त्यावर १९९७ साली हार्ट, श्लायफर आणि विश्नी या तीन अर्थतज्ज्ञांनी अख्खा शोधनिबंध लिहिला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: करारात सगळं लिहिता येत नाही. जे लिहिता येत नाही तिथे काटकसर केली तर ती कंत्राटदाराचा नफा होते आणि नुकसान रुग्णाचं. त्यामुळे कचरा उचलण्यासारखं काम, जिथे डबा रिकामा झाला की नाही हे कोणालाही दिसतं, ते बाहेर द्यायला हरकत नाही. पण जिथे गुणवत्ता न दिसणारी असते आणि माणूस परावलंबी असतो, तिथे सावध राहावं. त्यांनी मुख्य उदाहरण तुरुंगाचं घेतलं होतं. तुमचा दांडाही तिथे चपखल बसतो.

रानवारा

म्हणजे मी म्हणतो तेच. आरोग्य, शिक्षण, पाणी, तुरुंग हे सरकारकडेच राहू द्या. कचरा न्या हवा तर.

चौकस

आणि सरकारी रुग्णालयात दांडा रोज पुसला जातो, असं कोणी छातीठोकपणे सांगेल का?

पाणलोट (धागाकर्ता)

रानवारा, चौकस, तुम्ही दोघंही मालकाकडेच बघताय. मी परत तपासणाऱ्याकडे येतो. ब्रिटनच्या रेल्वेची हकीकत जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मनातली गोष्ट तिच्याइतकी स्पष्ट कुठेच दिसत नाही.

१९९४ पासून तिथली रेल्वे तुकड्यांत विभागली गेली. गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि रूळ, सिग्नल, पूल हे सगळं रेलट्रॅक नावाच्या एका कंपनीचं. १९९६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. रेलट्रॅकने रुळांची देखभाल स्वतः न करता कंत्राटदारांना दिली. पिढ्यान् पिढ्या रूळ पाहिलेले अभियंते पांगले. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळ वेगात जाणाऱ्या गाडीखाली एक रूळ फुटला. त्याचे तीनशेहून जास्त तुकडे झाले. चार माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. रुळाच्या वरच्या कोपऱ्यावर चाकांच्या घासण्याने केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्या आत आत जातात, आणि एक दिवस रूळ फुटतो. या रुळात चिरा आहेत हे अपघाताच्या आधीपासून माहीत होतं. बदलायचा नवा रूळ आणूनही ठेवलेला होता. तो रुळांच्या कडेला तसाच पडून होता.

त्यानंतर जे झालं ते अपघाताहून जास्त शिकवणारं आहे. अशा चिरा देशात आणखी कुठे कुठे आहेत, हे रेलट्रॅकला सांगता येईना. आपल्याच मालकीच्या रुळांची अवस्था तिला माहीत नव्हती, कारण ती माहिती कंत्राटदारांच्या वह्यांत विखुरलेली होती. मग भीतीपोटी बाराशेहून जास्त ठिकाणी वेगमर्यादा लावल्या. देशभराची रेल्वे कित्येक महिने रखडत चालली. खर्च आणि भरपाई वाढत गेली. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २००२ मध्ये नेटवर्क रेल ही नफ्यासाठी नसलेली कंपनी आली. तिने पहिल्या वर्ष-दोन वर्षांत घेतलेला मोठा निर्णय कोणता? देखभालीचं काम कंत्राटदारांकडून काढून घेऊन स्वतःच्या माणसांकडे आणणं.

चौकस

हे मला एवढं तपशिलात माहीत नव्हतं. पण त्या रेल्वेची दुसरी बाजूही नोंदवतो. विभागणीनंतरच्या पंचवीसेक वर्षांत तिथले प्रवासी दुपटीहून जास्त झाले. त्याआधीची कित्येक दशकं ते घटत किंवा रेंगाळत होते. आणि जपानने १९८७ साली राष्ट्रीय रेल्वेची सहा प्रादेशिक प्रवासी कंपन्यांत आणि एका मालवाहतूक कंपनीत विभागणी केली. तिथे रूळ आणि गाडी एकाच कंपनीची राहिली. दाट वस्तीच्या भागातल्या कंपन्या उत्तम चालतात.

रानवारा

आणि जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरची कंपनी? विरळ वस्ती, बर्फ, तोटा. तिथे एकेक मार्ग बंद होत गेला, आणि ती कंपनी आजही सरकारच्याच मालकीची आहे. फायद्याचं बाजाराने घेतलं, तोट्याचं सरकारकडे राहिलं.

चौकस

हो, ते खरं आहे. तोट्याचा मार्ग चालवायचा असेल तर समाजाने तो खर्च उघडपणे उचलावा, अंदाजपत्रकात दिसेल असा. कंपनीच्या ताळेबंदात लपवू नये. एवढ्यावर आपलं एकमत व्हावं.

पाणलोट, तुमच्या तपासणाऱ्याबद्दल माझी एक रास्त शंका आहे. तपासणारा सरकारी असेल तर त्याला कंत्राटदाराने खिशात घातलं तर? चांगला असेल तर कंत्राटदारच त्याला दुप्पट पगारावर पळवणार. तुमच्या फिटरकाकांचंच बघा. त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं, कागदावर उतरलं नाही.

पाणलोट (धागाकर्ता)

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातल्या शेवटच्या चुकीत मी स्वतः होतो. त्यांच्या हाताखाली दोन तरुण द्यावेत म्हणून मी एकदा टिपण पाठवलं, ते नामंजूर झालं आणि मी दुसऱ्यांदा पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं.

मी आज काय केलं असतं ते सांगतो. काम बाहेर द्यायचं असलं तरी जाळ्याचा एक भाग, पाचातला एक म्हणा, आपल्याच माणसांकडे ठेवला असता. त्याने हात चालू राहतात, नवी माणसं शिकतात, आणि खरा खर्च किती येतो हे आपल्याला कळतं. कंत्राटदार म्हणाला "एवढ्यात होत नाही", तर आपल्या भागात किती पडलं ते दाखवता येतं. आपली माणसं आळशी झाली तर कंत्राटदाराचा भाग ते उघडं पाडतो. चौकस, ही तुम्हाला हवी असलेली स्पर्धाच आहे, फक्त तिच्यात दोन्ही बाजू मैदानात असतात.

बिल दुरुस्त्यांच्या संख्येवर काढलं नसतं. रात्रीचा प्रवाह किती घटला, त्यावर काढलं असतं.

आणि तो प्रवाह दर आठवड्याला लोकांसमोर ठेवला असता, भागवार. तपासणाऱ्याला विकत घेता येतं, पण सगळ्या भागाला विकत घेता येत नाही. पॅरिसने २०१० मध्ये पाणी खाजगी कंपन्यांकडून परत घेतलं, त्यामागे हिशोब नीट दिसत नाही ही मोठी तक्रार होती. परत घेतल्यावर त्यांनी नागरिकांच्या निरीक्षण मंडळालाही कारभारात जागा दिली. सरकारी झालं म्हणून नजर काढून घेतली नाही, हे मला त्यात विशेष वाटतं.

अबोली, तुमच्या दांड्याचं माझ्या डोक्यातून जात नाहीये. तिथे तपासणी कोण करतं?

अबोली

कंत्राटदाराचा पर्यवेक्षक. तक्त्यावर तोच खुणा करतो, महिनाअखेरीला कार्यालयातून सही होते. वॉर्डातल्या कोणाची सही लागत नाही.

मधली_सुट्टी

मग तुमची लागायला हवी. बिल निघण्याआधी.

अबोली

हो, वाचता वाचता तेच मनात आलं. पुढच्या आठवड्यात करार नव्याने करायची बैठक आहे, मेट्रनना बोलावलंय. त्यांना लेखी देते: तक्त्यात खाटेच्या दांड्याची खालची बाजू घाला, महिन्यातून दोनदा न सांगता बोळा फिरवून बघायचं, आणि सही वॉर्डातल्या परिचारिकेची. सफाईच्या मुली एका वॉर्डात निदान सहा महिने राहाव्यात हेही लिहिते. ते मान्य होईल असं वाटत नाही, पण लिहिते.

पाणलोट (धागाकर्ता)

लिहाच. नामंजूर झालं तर दुसऱ्यांदा पाठवा. आणि स्टँडची चाकं विसरू नका.